दिवाळी अंक दसऱ्याला हातात हवा, तर कॅलेंडर मागून पुढे भरा

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातलं एक साहित्य मंडळ १६० पानांचा, १००० प्रतींचा दिवाळी अंक काढतं. काम करणारी माणसं चार-पाच, सगळी नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी बसणारी. कॅलेंडरवर सगळ्या मुदती लिहिलेल्या असूनही २०२५ चा अंक भाऊबीजेनंतर हातात आला आणि तोवर वाचनालयांनी आपापले संच घेऊन टाकले होते. २०२६ चं वेळापत्रक कसं आखावं?

कॅलेंडरवर फक्त मुदती होत्या, खरी गोम तिथेच आहे. 'प्रूफं पूर्ण : ३० ऑगस्ट' एवढंच लिहिलं की त्या कामाची आठवण ३० ऑगस्टच्या दोन दिवस आधी होते. दोन दिवसांत सगळा अंक वाचून होत नाही. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहायच्या: सुरू कधी करायचं, किती तासांचं आहे आणि कोण करणार. मुदत त्यातून आपोआप निघते. हे सगळं भरायचं शेवटाकडून सुरुवातीकडे, कारण शेवटची तारीख आपल्या हातात नसते.

शेवटची तारीख म्हणून दिवाळी धरू नका, दसरा धरा. विक्रेत्यांची टेबलं दसऱ्याच्या सुमारास लागतात, वाचनालयं संच तेव्हाच ठरवतात आणि लक्ष्मीपूजनानंतर आलेला अंक कितीही चांगला असला तरी बाजूला पडतो. २०२६ मध्ये दसरा मंगळवार २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन रविवार ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे बांधलेल्या प्रती शनिवार १७ ऑक्टोबरला मंडळाच्या खोलीत असायला हव्यात. आता तिथून मागे चला.

१००० प्रतींची घडी, जुळवणी, परफेक्ट बाइंडिंग (पाठीला गोंद लावून बांधणी) आणि कटिंग याला चार-पाच कामाचे दिवस धरा. म्हणजे छापलेले सगळे फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली पानं म्हणजे एक फॉर्म) आणि लॅमिनेशन झालेलं मुखपृष्ठ १२ ऑक्टोबरच्या सोमवारी सकाळी बाइंडरकडे पोचलेलं असावं. त्याआधीचा आठवडा, ५ ते १० ऑक्टोबर, छपाईचा. २ ऑक्टोबर गांधी जयंतीची सुट्टी आहे, त्यामुळे प्लेटसाठीच्या (ज्यावरून पानं छापतात त्या पत्र्यांसाठीच्या) अंतिम फाइल्स गुरुवार १ ऑक्टोबरला छापखान्यात द्यायच्या.

इथे एक फरक ओळखायला हवा. छपाईचं प्रत्यक्ष काम थोडं असतं, रांग मोठी असते. २०×३० इंची कागदावर क्राउन पाव (साधारण साडेसात बाय दहा इंच) आकाराची १६ पानं दोन बाजूंना मिळून बसतात, म्हणून १६० पानांचे १० फॉर्म होतात. एकरंगी असेल तर फॉर्मला दोन प्लेट. हजार कागद एका बाजूने धावायला वीस मिनिटंही लागत नाहीत, पण प्रत्येक प्लेट चढवून शाई आणि नोंदणी (छाप नेमक्या जागी बसणं) जुळवायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि एक बाजू वाळल्याशिवाय दुसरी छापता येत नाही. पावसाळी हवेत त्याला रात्र द्यावी लागते. तरीही सगळं मिळून चार-साडेचार दिवसांचं काम आहे. ते लांबतं, कारण त्याच आठवड्यात छापखान्यात इतरांचेही अंक, जाहिरातपत्रकं आणि नव्या वर्षाची कॅलेंडरं रांगेत असतात. म्हणून वेळापत्रकात 'काम' आणि 'वाट पाहणं' वेगवेगळं लिहा. वाट पाहण्याचा वेळ जास्त माणसं लावून कमी होत नाही. तो फक्त आधीपासून जागा धरून ठेवल्याने कमी होतो. छापखान्याच्या आणि बाइंडरच्या मालकांशी जुलैतच बोला, तारखा सांगा आणि थोडी आगाऊ रक्कम द्या. आगाऊ दिलेल्या कामाची जागा सहसा सरकत नाही.

आता सप्टेंबर पाहा. भिंतीवर तो तीस दिवसांचा दिसतो. ४-५ तारखेला गोकुळाष्टमी आणि गोपाळकाला, १४ ला गणेश चतुर्थी, २५ ला अनंत चतुर्दशी. कोकणातले कामगार ११-१२ तारखेलाच गावाकडे निघतात. तुमच्या मंडळातली माणसं गणेशोत्सवातही पुढे असतील, तर ते बारा दिवस कोरे धरा. अर्धे धरले की नंतर पस्तावायला होतं. पुढे २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर पितृपक्ष. छपाईला त्याची अडचण नाही, मात्र काही व्यापारी त्या दिवसांत नवे खर्च ठरवत नाहीत. ११ ऑक्टोबरला घटस्थापना, आणि खंडेनवमीला यंत्रांची पूजा असल्याने छापखाने व बाइंडर यांचं काम बंद किंवा अर्धवट. छापखान्याच्या हिशेबाने सप्टेंबरात हाताशी येतात ते जेमतेम बारा-तेरा दिवस. वेळापत्रक आखताना सगळ्यात आधी हे दिवस कॅलेंडरवर काट मारून घ्या आणि मग उरलेल्या घरांत काम बसवा. बहुतेक ठिकाणी हे उलट होतं: कामं आधी लिहिली जातात आणि सण नंतर आठवतात.

या सप्टेंबरवर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे अंक दोन हप्त्यांत छापणं. दहा फॉर्मपैकी मधले सहा, म्हणजे फॉर्म ३ ते ८, पानं ३३ ते १२८, गणपतीआधी छापून घ्या. त्यात कथा, ललित, व्यक्तिचित्रं, कविता असा, शेवटच्या क्षणी बदलणार नाही असा मजकूर ठेवा. पहिले दोन आणि शेवटचे दोन फॉर्म ऑक्टोबरसाठी राखा. अनुक्रमणिका, संपादकीय, जाहिराती, उशिरा येणारा एखादा महत्त्वाचा लेख त्यात जातो. मधल्या सहा फॉर्मच्या फाइल्स ३ सप्टेंबरला द्यायच्या आणि छपाई ७ ते १० सप्टेंबरला. त्या आठवड्यात छापखान्यावर दिवाळीची गर्दी सुरू व्हायची असते, त्यामुळे भावही नीट ठरतो आणि कामावर लक्षही राहतं. ऑक्टोबरात मग फक्त आठ प्लेट आणि मुखपृष्ठ उरतं.

यासाठी पानांचा आराखडा मात्र ऑगस्टच्या सुरुवातीलाच पक्का लागतो. एकूण पानं १६ च्या पटीत हवीत, फार तर आठ पानांचा अर्धा फॉर्म चालतो. ऐन वेळी तीन पानांचा लेख वाढला तर तीन पानं वाढत नाहीत, आठ वाढतात, आणि उरलेली पाच भरण्यासाठी नको ते छापलं जातं. एका मोठ्या कागदावर १ ते १६० घरं आखा, फॉर्मच्या सीमा जाड रेघेने दाखवा आणि प्रत्येक घरात पेन्सिलीने मजकुराचं नाव लिहा. या आकाराच्या पानावर, दोन रकान्यांत, चित्राशिवाय साधारण ५०० शब्द बसतात. ४००० शब्दांची कथा म्हणजे आठ पानं, चित्र आणि शीर्षकपट्टी धरून नऊ.

तासांचा हिशेब मुद्रितशोधनापासून, म्हणजे प्रूफं वाचण्यापासून, सुरू करा, कारण सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. नीट वाचणारा माणूस तासाला सहा-सात पानं वाचतो. याहून वेग वाढला की र्‍हस्व-दीर्घ सुटायला लागतं. सलग दोन तासांनंतर डोळा चुका पाहत नाही, अर्थ पाहतो. मधल्या सहा फॉर्मची ९६ पानं म्हणजे पहिल्या प्रूफाला सुमारे चौदा तास आणि दुसऱ्याला आठ, एकूण बावीस. संध्याकाळी बसणारा माणूस आठवड्याला सहा तास खरोखर देऊ शकतो. आठवड्याला पंधरा तास देईन असं म्हणणाऱ्याचेही सहाच धरा. एकटा असेल तर पावणेचार आठवडे, दोघे असतील तर दोन. १० ऑगस्टला सुरू केलं तर ३ सप्टेंबरपर्यंत साडेतीन आठवडे मिळतात. म्हणजे दोघे हवेत, एकट्यावर ते भागत नाही. हा हिशेब मार्चमध्येच कळला तर दुसरा वाचणारा शोधायला वेळ असतो, ऑगस्टच्या शेवटी कळला तर नसतो.

पहिलं प्रूफ आणि दुसरं प्रूफ वेगवेगळ्या माणसांनी वाचावं, आणि टाइप करणाऱ्याने स्वतःचं प्रूफ मुळीच वाचू नये. लेखकाला पीडीएफ पाठवली तर चार दिवसांची मुदत द्या आणि स्पष्ट लिहा की आता फक्त चुका दुरुस्त होतील, परिच्छेद बदलणार नाहीत. फोनवरून सांगितलेल्या दुरुस्त्या घेऊ नका. हमखास गोंधळ होतो.

फॉन्टचाही वेळ धरावा लागतो, आणि तो जवळजवळ कुणीच धरत नाही. लेखक हल्ली युनिकोडमध्ये मजकूर पाठवतात. मांडणी करणारा जुन्या प्रकारच्या फॉन्टमध्ये काम करत असेल तर मजकूर रूपांतरित होतो आणि त्यात 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र, रफार, 'ॲ' आणि काही जोडाक्षरं मोडतात. म्हणून रूपांतराआधी केलेलं प्रूफवाचन वाया जातं. वाचन नेहमी रूपांतरानंतर, पानावर लागलेल्या मजकुराचंच करा. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडवर काम होत असेल तर त्यातला भारतीय लिपींसाठीचा कंपोजर (अक्षरं-ओळी जुळवणारी सोय) चालू आहे ना हे पहिल्याच दिवशी दोन पानं छापून पाहा. साऱ्या अंकाची मांडणी झाल्यावर हे लक्षात आलं तर ओळी नव्याने मोडतात आणि पानं पुढे सरकतात.

मजकूर मागवण्याकडे वळू. लेखकांना पत्र १९ मार्चच्या पाडव्याच्या आत जायला हवं. नाव असलेले लेखक वर्षाला ठरावीक अंकांनाच होकार देतात आणि तो कोटा मे महिन्यात भरतो. पत्रात चार गोष्टी असाव्यात: विषय किंवा प्रकार, शब्दसंख्या, मानधन आणि १५ जुलै ही तारीख. दहा जणांना मागितलं तर वेळेत सहा-सात जणांचं येतं असं धरून चाला. स्मरणपत्र दोनदाच पाठवा, १ जूनला आणि १ जुलैला. रोज फोन केल्याने लेख लवकर येत नाही, संबंध मात्र बिघडतात.

बरेच संपादक खरी तारीख १५ ऑगस्ट असताना लेखकाला १५ जुलै सांगतात. मला हे पटत नाही. लेखकांना एका वर्षात त्याचा अंदाज येतो आणि पुढच्या वर्षी तेही महिना उशिरा देतात. त्यापेक्षा तारीख खरी सांगा आणि कारणही सांगा: 'मधले फॉर्म गणपतीआधी छापतो, १५ जुलैनंतर आलेला मजकूर शेवटच्या दोन फॉर्ममध्ये जागा असेल तरच घेता येईल.' कारण कळलं की माणसं तारीख पाळतात.

निवडीचे तास मोजा. साठ लेख आले आणि प्रत्येकाला वाचून दोन ओळींचं टिपण लिहायला चाळीस मिनिटं लागली तर चाळीस तास झाले. संपादकाचे आठवड्याला आठ तास धरले तर पाच आठवडे. १५ जुलैला वाचायला बसलात तर निवड २० ऑगस्टला होईल, आणि तुम्हाला ती १० ऑगस्टला हवी. म्हणून येईल तसं वाचा. मे महिन्यापासून दर रविवारी दोन तास फक्त आलेल्या मजकुरासाठी राखा. निवडलेला मजकूर आठ-दहा लेखांच्या गठ्ठ्याने मांडणीला द्या. पहिला गठ्ठा ३ ऑगस्टच्या सोमवारी गेला तर १० तारखेला प्रूफं निघतात. सगळं जमल्यावर एकदम देऊ, या सवयीने मांडणी करणारा जुलैभर रिकामा आणि सप्टेंबरात रात्रंदिवस जागा, असं होतं.

चित्रकारालाही गठ्ठ्यानेच कथा द्या, आणि प्रत्येक गठ्ठ्याला किमान दहा दिवस. मुखपृष्ठाचं चित्र स्वतंत्र माणसाकडे, जूनमध्येच. मात्र मुखपृष्ठाची अंतिम फाइल कागद ठरल्याशिवाय करता येत नाही, कारण कण्याची, म्हणजे अंकाच्या पाठीची, जाडी कागदावर ठरते. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो या छपाईच्या साध्या कागदाची १६० पानं म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेले ८० कागद, कणा साधारण सात-आठ मिलिमीटर. बाइंडरकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या आणि मोजून मग कण्यावरची अक्षरं बसवा. कागद ऑगस्टमध्ये घ्या: दहा फॉर्म गुणिले हजार म्हणजे १०,००० ताव, २० रीम, आणि छोट्या कामाची नासाडी धरून २२ रीम. रीम जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवू नका आणि छपाईच्या दिवसापर्यंत वेष्टन फोडू नका. ओल धरलेल्या कागदाच्या कडा लहरतात आणि दोन बाजूंची नोंदणी जुळत नाही.

जाहिरातींचं कॅलेंडर वेगळं चालतं, कारण निर्णय दुसऱ्यांच्या बैठकांवर असतो. सहकारी बँक किंवा पतसंस्थेत जाहिरातीला संचालक मंडळाची मंजुरी लागते आणि ती बैठक बहुधा महिन्यातून एकदाच होते. पत्र जूनमध्ये गेलं तर जुलैच्या बैठकीत विषय येतो, राहिला तर ऑगस्ट मिळतो. सप्टेंबरात दिलेलं पत्र ऑक्टोबरात मंजूर होतं आणि तोवर पानं बंद झालेली असतात. सराफ आणि कापडवाले यांना गणपतीआधी भेटा, दसऱ्याच्या तोंडावर त्यांना मान वर करायला वेळ नसतो. लेखी ऑर्डर ११ सप्टेंबरपर्यंत, जाहिरातीची फाइल २८ सप्टेंबरपर्यंत. जाहिरातींची पानं ऑक्टोबरात छापायच्या चार फॉर्ममध्येच ठेवल्यामुळे एखादी वाढली-गळाली तरी छापलेल्या पानांना धक्का लागत नाही.

यानंतरची गोष्ट पुढच्या वर्षासाठी फार महत्त्वाची आहे. यंदाचं वेळापत्रक तारखांनी जपून पुढच्या वर्षी तसंच वापरलं तर फसगत होईल. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला आणि २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्याने सण अठरा दिवस पुढे गेले, नंतर पुन्हा दहा-अकरा दिवसांनी मागे येतील. म्हणून प्रत्येक काम 'दसरा उणे इतके दिवस' असं लिहून ठेवा: बांधणी उणे ८, अंतिम फाइल्स उणे १९, मधले फॉर्म उणे ४७, निवड पूर्ण उणे ७१, मजकुराची तारीख उणे ९७. २०२७ चा दसरा ९ ऑक्टोबरला आहे, म्हणजे त्या वर्षी लेखकांना १५ जुलै सांगून चालणार नाही, ४ जुलै सांगावी लागेल.

पाडव्यावर मात्र विसंबू नका. २०२६ मध्ये पाडवा ते दसरा २१५ दिवस आहेत, २०२७ मध्ये १८५ च. मध्ये अधिक महिना आला की तीस दिवस वाढतात, नाही आला की मिळत नाहीत. गणेश चतुर्थी ते दसरा हे अंतर एरवी ३५-३६ दिवसांचं असतं, पण २०२० मध्ये अधिक आश्विन आल्याने ते ६४ दिवस झालं होतं. आणि १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, शाळांच्या परीक्षा, पावसाळा, ३१ मार्च या गोष्टी चंद्राप्रमाणे सरकत नाहीत. दरवर्षी दोन्ही कालगणना शेजारी ठेवून त्या कुठे एकमेकींवर येतात ते पाहा. २०२५ मध्ये दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी होती. २०२६ मध्ये त्या वेगळ्या असल्याने छापखान्याचा एक दिवस जास्त जातो.

हे सगळं ठेवायचं कुठे? भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरवर सण, सुट्ट्या आणि छापखाना-बाइंडरकडे धरलेल्या तारखा, एवढंच. कामांसाठी वेगळा ताव घ्या: आडव्या ओळीत मार्चपासूनचे आठवडे, उभ्या ओळीत माणसांची नावं. एका माणसाच्या ओळीत एका आठवड्यात दोन कामं आली तर एक हलवा. फोनवर सामाईक गूगल कॅलेंडर करून त्यात फक्त सुरू करण्याच्या दिवसाची सूचना लावा, एक आदल्या रविवारी आणि एक त्या दिवशी सकाळी. याहून जास्त सूचना लावल्या की माणसं न वाचता त्या पुसतात.

मोकळा वेळ राखायचा तो एकाच जागी. प्रत्येक कामाला दोन-दोन दिवस जास्त दिले तर ते त्याच कामात विरघळतात. त्यापेक्षा २६ ते ३० सप्टेंबर हे दिवस कुणालाच काम न देता मोकळे ठेवा. गणपतीत अडकलेलं प्रूफ, न आलेली जाहिरात, आजारी पडलेला मांडणीकार यांची भरपाई तिथे होते. हे दिवस जाहीर करू नका असं नाही. सगळ्यांना माहीत असू द्या, पण ते वापरायची परवानगी एकाच माणसाने द्यावी.

अंक आल्यावर तीन तारखा अजून उरतात. परदेशातल्या वर्गणीदारांच्या प्रती १७ ऑक्टोबरलाच टपालात टाका, नंतर फराळाच्या पार्सलांची गर्दी होते. लेखकांच्या प्रती आणि मानधन २४ ऑक्टोबरच्या आत. जाहिरातदारांना अंकाची प्रत आणि बिल एकत्र, त्याच आठवड्यात, कारण दिवाळीनंतर गेलेलं बिल त्यांच्या हिशेबनिसाकडे पडून राहतं आणि मार्चअखेर वसुलीला फिरावं लागतं. आणि प्रत्येक कामापुढे ते प्रत्यक्षात कोणत्या दिवशी सुरू झालं आणि किती तास लागले ते त्याच तावावर लाल शाईने लिहा. २०२७ चे तास त्यावरूनच धरायचे आहेत.